सांगलीत राहून लाइम डिसीज होतो का? दोन वर्षं सांधेदुखी आणि थकवा, रिपोर्ट सगळे नॉर्मल

शक्यता फारच कमी आहे, कारण लाइम हा गोचीड चावून होणारा जिवाणूंचा आजार, आणि तो पसरवणारी गोचीड वेगळ्या जातीची, ती अमेरिकेचा ईशान्य भाग, युरोप अशा थंड पट्ट्यात सापडते, आपल्याकडे गुरांना कुत्र्यांना लागते ती नव्हे. मी मिरजेला लॅबमध्ये आहे, नेटवर वाचून ही टेस्ट मागणारे येतात म्हणून सांगतो, आधी एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडीची पहिली चाचणी) आणि ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तरच वेस्टर्न ब्लॉट (खात्री करायची दुसरी चाचणी) असं दोन टप्प्यात बघतात, नुसत्या एलायझावर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या आजारातही ती पॉझिटिव्ह येते. आणि दोन वर्षांच्या दुखण्यात टेस्ट निगेटिव्ह आली तर लाइम जवळपास सोडूनच द्यायचा, निगेटिव्ह येऊनही आजार असतो ते चावल्यानंतर पहिले काही आठवडे.

त्यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा:
- घरी म्हशी-शेळ्या आहेत, कच्चं दूध पोटात जातं? मग ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा जिवाणूंचा आजार, याचं निदान खरंच राहून जातं)
- आधी चिकुनगुनिया झालेला का, सांधे महिनोन्‌महिने धरतात
- आमवात, थायरॉइड, बी१२

हां, त्या देशांत किंवा हिमालयाकडे जाऊन आला असाल आणि नंतर अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठला असेल तर मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.