शून्य परिकल्पना ‘स्वीकारली’ म्हणायचं की ‘नाकारता आली नाही’? आणि यादृच्छिक म्हणजे ‘कसाही’ का?

रावेर-यावल भागातल्या केळी उत्पादकांवर प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय की टिश्यूकल्चरची रोपं लावणारे आणि कंद लावणारे यांच्या घडाच्या सरासरी वजनात फरक नाही अशी त्याची शून्य परिकल्पना (null hypothesis, म्हणजे चाचणीसाठी सुरुवातीला धरलेलं ‘फरक नाही’ छापाचं विधान) होती, चाचणीत काही ठोस निघालं नाही म्हणून त्याने ‘शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येते’ असं लिहिलं, आणि मार्गदर्शकांनी ते खोडून ‘नाकारता आली नाही’ केलं. त्याचं म्हणणं, मराठीत दोन्हीचा अर्थ एकच होतो, मग हा फालतू कीस कशाला. सोबत दुसरा प्रश्न, यादृच्छिक (रँडम) नमुना म्हणजे कसाही निवडलेला नमुनाच ना?

दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे भाऊ. आणि पहिल्या बाबतीत तर मराठी इतकी नेमकी आहे की तिचा फायदा न घेणं मला खरंच चुकीचं वाटतं.

आधी क्रियापद बघा. नाकारणे या एका धातूपासून आपण रोजच्या बोलण्यात तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. ‘नाकारली नाही’ म्हणजे माझ्या हातात होतं, मी ठरवलं की नको नाकारायला. ‘नाकारवली नाही’ म्हणजे मन धजलं नाही, जसं आपण म्हणतो आजारपणात जेववत नाही, एवढ्या उन्हात चालवत नाही, अडचण आतली आहे. आणि ‘नाकारता आली नाही’ म्हणजे अडचण बाहेरची, साधन कमी पडलं, पुरावा पुरला नाही. चाचणीत जे घडतं ते फक्त हे तिसरं. संशोधकाची मर्जी नाही, त्याचं मन हळवं झालं असंही नाही, हातात असलेल्या डेटाने तेवढं काम झालं नाही इतकंच. आता याच्या जागी ‘स्वीकारली’ ठेवा, वाचणाऱ्याला वाटणार की फरक नाही हे आता ठरलं, विषय संपला. अहिराणीत कोणी म्हणालं की खरं शे का खोटं शे माले समजनं नही, तर आपण त्याचा अर्थ त्याने खरं मानलं असा घेतो का?

आकड्यांत बघितलं की जास्त पटेल. पेरणीच्या आधी उगवण तपासायची पद्धत आपल्याकडे शेतकऱ्यांना माहीत असते, ओल्या गोणपाटावर दाणे ओळीत ठेवायचे, गुंडाळी करायची, पाणी मारत राहायचं आणि मग किती उगवले ते मोजायचं. समजा सोयाबीनच्या बियाण्याचा दावा आहे की उगवण ७० टक्के, आणि तुम्ही २० दाणे ठेवले, त्यातले ११ उगवले. ७० टक्क्यांच्या हिशोबाने १४ यायला हवे होते. मग दावा खोटा म्हणायचा का? इथे संभाव्यतेचा हिशोब असा चालतो: दावा खरा धरला तर २० पैकी ११ किंवा त्याहून कमी दाणे उगवायची संभाव्यता किती, तर साधारण ०.११, म्हणजे चांगल्या बियाण्याच्या बाबतीतही शंभरात अकरा वेळा असं निव्वळ योगायोगाने होऊ शकतं. सार्थकता पातळी, म्हणजे खरा दावा चुकून नाकारला जाण्याचा जेवढा धोका आपण पत्करतो तो, ५ टक्के ठरवली असेल तर एवढ्यावर दावा मोडता येत नाही. १० उगवले असते तर तीच संभाव्यता ०.०४८ येते, पाचच्या आत, तेव्हा नाकारता आला असता.

म्हणजे ११ दाण्यांवर आपण नाकारू शकलो नाही. आता कोणी म्हणेल, मग ७० टक्के उगवण सिद्ध झाली, स्वीकारा. अहो पण उगवण ६० टक्के धरून तोच हिशोब केला तर ११ किंवा कमी येण्याची संभाव्यता ०.४० निघते, म्हणजे ६० चा दावाही नाकारता येत नाही, उलट तो तर आणखी आरामात टिकतो. एकाच डेटावर ७० पण स्वीकारायचे आणि ६० पण स्वीकारायचे? दोन्ही एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. ‘नाकारता आले नाहीत’ म्हटलं की मात्र दोन्ही वाक्यं शेजारी सुखाने बसतात, भांडण नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की समजा त्या लॉटची खरी उगवण ५५ टक्केच आहे, म्हणजे माल सरळ सरळ कमी दर्जाचा आहे, तरी २० दाण्यांच्या या चाचणीतून तो शंभरातल्या ५९ वेळा निसटून जातो कारण १० किंवा कमी दाणे उगवायची वेळ त्याच्यावरही साधारण ४१ वेळाच येते. तोच लॉट १०० दाणे ठेवून तपासला तर नव्वदच्या आसपास वेळा सापडतो. तेव्हा लहान नमुन्यावर ‘स्वीकारली’ लिहिणं म्हणजे आपल्या चाचणीचं तोकडेपण लपवून तेच निष्कर्ष म्हणून छापणं, आणि त्या अहवालावर विसंबून कोणी बियाणं पेरलं तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्या डोक्यावर येतो. म्हणून मला हा कीस फालतू वाटत नाही.

मग पुस्तकांत ‘स्वीकार’ आला कुठून? तेही निराधार नाहीये. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवर लिहिताना स्पष्टच म्हटलं होतं की शून्य परिकल्पना कधी सिद्ध होत नसते, झालीच तर ती मोडली जाऊ शकते. पण येर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ च्या सुमारास जो विचार मांडला तो निर्णयाचा होता, दोनपैकी एक पाऊल उचलायचंय, कुठलं उचललं तर चूक किती वेळा होईल ते आधी बांधून घ्यायचं. त्यात स्वीकार-नकार ही भाषा चपखल आहे कारण तिथे माल ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा एवढाच सवाल असतो. आपल्या मराठीत ‘स्वीकारणे’ या शब्दाची दोन कामं आहेत आणि घोळ तिथेच होतो. जिनिंगवाल्याने कापसाची गाडी स्वीकारली म्हणजे उतरवून घेतली, आणि एखाद्याचं म्हणणं स्वीकारलं म्हणजे ते खरं मानलं. गाडी उतरवून घेणारा काही हा कापूस सर्वोत्तम आहे अशी शपथ घेत नसतो. पुस्तकातला स्वीकार पहिल्या अर्थाचा आणि वाचणारी पोरं घेतात दुसऱ्या अर्थाने. मालाच्या तपासणीचा अहवाल असेल तर ‘स्वीकारला’ लिहा, मी हरकत घेणार नाही. पण तुमचा अहवाल केळीच्या घडांबद्दल काय कळलं ते सांगणारा आहे, तिथे नको.

मला स्वतःला बोलताना ‘धरणे’ हा शब्द फार आवडतो. शून्य परिकल्पना आपण मानत नाही, धरून चालतो. गणितात आपण लहानपणापासून म्हणतोच, समजा क्ष बरोबर अमुक धरू. धरलेलं सोडायला पुरेसं कारण मिळालं तर सोडायचं, नाही मिळालं तर ‘सोडायला कारण मिळालं नाही’ असं सांगायचं. वर्गात शिकवणाऱ्यांनी हे वाक्य वापरून बघावं, पोरांना लगेच कळतं. यातूनच तो दुसरा गैरसमजही जातो की ०.११ म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ११ टक्के. नाही हो, दावा खरा धरूनच तर तो आकडा काढलाय, जो आधीच धरला त्याचीच शक्यता त्यातून कशी निघणार.

जाता जाता, परिकल्पनेला गृहीतक म्हणू नका. गृहीतक म्हणजे जे तपासायचंच नाही असं मानून पुढे जायचं, परिकल्पना तपासायची असते. आणि सार्थक (significant) फरक याचा अर्थ मोठा फरक असा नाही, बातम्यांतला ‘लक्षणीय’ तिथे टाकला की लोक फसतात.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘दोन्ही गटांतील घडांच्या सरासरी वजनात फरक नाही, ही शून्य परिकल्पना उपलब्ध नमुन्याच्या आधारे ५ टक्के सार्थकता पातळीवर नाकारता आली नाही.’ त्यातलं ‘उपलब्ध नमुन्याच्या आधारे’ काढू नका, तेवढ्या तीन शब्दांत अर्धी प्रामाणिकता आहे.

आता यादृच्छिक. हा शब्द यदृच्छा वरून आला आणि खरं सांगायचं तर गोंधळाचं बी शब्दातच आहे. संस्कृतात यदृच्छेला दोन्ही अर्थ आहेत, एक आपल्या मर्जीने वागणं आणि दुसरा आपोआप घडून येणं, योगायोग. संख्याशास्त्राने घेतला तो दुसरा, आणि आपण रोजच्या बोलण्यात ‘रँडमली चार जणांना विचारलं’ म्हणतो तेव्हा घेतो तो पहिला. हे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत हे लक्षात घ्या. कसाही निवडला म्हणजे निवडणाऱ्याच्या मर्जीने निवडला, रस्त्याकडेचे मळे, ओळखीचे शेतकरी, जे चहा पाजतात ते. यादृच्छिक म्हणजे निवडणाऱ्याच्या मर्जीला जागाच ठेवायची नाही, आधी सगळ्यांची यादी करायची, प्रत्येकाची निवड होण्याची संभाव्यता माहीत असली पाहिजे आणि मग नशिबाला निवडू द्यायचं.

यासाठी मराठीत जिवंत शब्द आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. आरक्षणाची सोडत निघते. त्या वेळी कोणी ‘कसंही निवडलं’ म्हणत नाही, म्हटलं तर गावात मारामारी होईल, कारण चिठ्ठीवर कोणाची मर्जी चालत नाही हे सगळ्यांना कळतं. म्हणून यादृच्छिक जड वाटत असेल तर ‘सोडत पद्धतीने निवडलेला नमुना’ लिहा, मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. ‘वानगी’ हा शब्द मात्र इथे वापरू नये असं माझं मत, शब्द सुंदर आहे पण वानगी दाखवणारा ती स्वतः निवडून आणतो, व्यापाऱ्याला मूठभर चांगला दाणाच दाखवतो.

शेतीतलंच पाहिजे तर पीक कापणी प्रयोग बघा. पिकाचं उत्पादन किती ते काढायला गावातला गट नंबर यादृच्छिक आकड्यांवरून निघतो, शेतात कापणीची चौकट कुठे मारायची तेही तसंच आकड्यांवरून ठरतं, पीक दाट दिसतं तिथे नाही आणि विरळ दिसतं तिथेही नाही. या पद्धतीचं शास्त्र आपल्या देशात रुजवण्यात १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं मोठं काम आहे. याउलट नजरअंदाज पैसेवारी, नावातच सगळं आलं, डोळ्यांनी बघून ठरवलेली. दोन्हीला आपापली जागा आहे पण नजरअंदाजाला यादृच्छिक कोणी म्हणत नाही.

तेव्हा तुम्ही तुमचे शेतकरी कसे निवडले ते अहवालात साध्या मराठीत लिहा. यादी कुठून घेतली, क्रमांक कसे दिले, चिठ्ठ्या टाकल्या की कॉम्प्युटरवरून आकडे काढले, निवड झालेला भेटला नाही तेव्हा काय केलं, शेजारच्यालाच विचारलं का परत गेलात. आणि जे भेटले त्यांनाच विचारलं असेल तर ‘सोयीनुसार निवडलेला नमुना’ असं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मग वर काढलेला संभाव्यतेचा सगळा हिशोब तिथे तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तो हिशोब चिठ्ठी टाकली आहे असं धरूनच केलेला असतो.