जिप्सीला लांब शॅकल लावल्यापासून गाडी थरथरते, किती अंशाची पाचर लावू?

प्रश्न थोडक्यात असा: मारुती जिप्सीच्या मागच्या पाट्यांना 2 इंच जास्त लांबीचे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) लावले. ताशी 60 च्या पुढे गाडी थरथरते. एक्सलला फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स केला, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (कोनात फिरू शकणारे सांधे) नवे टाकले, तरी फरक नाही.

पाचर, म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये बसणारा उतरता तुकडा, बहुधा 3 ते 4 अंशांची लागेल, पण मापल्याशिवाय विकत घेऊ नका.

शॅकल 2 इंच वाढवलं की गाडी फक्त इंचभर उचलली जाते. पाट्याचं मागचं टोक मात्र पूर्ण 2 इंच खाली जातं. पाटा साधारण मीटरभर लांब धरला तर तो सुमारे 3 अंश कलतो आणि त्याच्यासोबत अख्खं हौसिंग (एक्सलचं आवरण) फिरतं. पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जिथे एक्सलला जोडतो त्या गिअरचं, नाक वर उचललं जातं. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) होता तिथेच असतो, त्यामुळे दोघांची समांतरता जाते.

क्रॉस कोनात फिरताना त्याच्या पुढच्या भागाचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो. 10 अंशांना सुमारे दीड टक्का, 20 अंशांना सहा टक्के. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच हा फरक पुसला जातो. शाफ्ट कितीही अचूक बॅलन्स करा, हे दुखणं तिथलं नाहीच. ओळखायचं असेल तर त्याच वेगावर एक्सिलरेटर सोडून बघा. थरथर लगेच बदलली तर कोनाचा संशय घ्या.

मापायच्या आधी ट्रान्सफर केसचे तिन्ही रबर माउंट तपासा. ते फाटले असतील तर केस दाबाखाली हलतो आणि तुमचं माप निरर्थक. शाफ्ट जोडताना दोन्ही योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत बसलेत का, तेही बघा. स्प्लाइन (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसवणारा दातेरी जोड) चुकीच्या दातावर बसवलेली असते आणि लोक पाचरी बदलत बसतात.

गाडी सपाट जमिनीवर, वजन चाकांवरच. चाकांना चारही बाजूंनी अडण लावा, कारण मागचा शाफ्ट काढला की गिअर गाडी धरत नाही. फ्लँजचे (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतो त्या चकतीचे) चार बोल्ट काढून चुंबकी डिजिटल अँगल गेज ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या उभ्या तोंडावर ठेवा, मग पिनियनच्या फ्लँजवर. 90 मधून जितका फरक, तितका उतार. दिशाही लिहून ठेवा. शाफ्ट परत जोडून त्याच्या नळीवर तिसरं माप घ्या. समजा केस मागे 2 अंश उतरतो, शाफ्ट 11, पिनियन 5. वरचा क्रॉस 9 अंशात, खालचा 6 मध्ये. फरक 3. शाफ्टचा उतार दोन्हीकडे सारखाच वजा होतो, म्हणून जुळवायचे आहेत फक्त केस आणि पिनियन. शाफ्टचं माप लागतं ते एकूण कोन किती वाढला हे कळायला.

पाटे जोर लागल्यावर पिळतात आणि पिनियन वर येतं. म्हणून उभ्या गाडीत पिनियन समांतरपेक्षा 1 अंश खाली ठेवा. या उदाहरणात 4 अंशांची पाचर.

मूळ जिप्सीत पाटा एक्सलच्या खाली असतो. नाक खाली आणायचं तर पाचरीची जाड बाजू मागे. पाटे एक्सलवर चढवलेले असतील तर जाड बाजू पुढे. इथे उलट बसली की 4 अंशांची चूक 8 ची होते. पाचर पोलादी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चेपते आणि फुटते. पाट्याची पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लांब टाका. त्याचं डोकं पाचरीतून वर येऊन हौसिंगच्या पॅडच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर एक्सल सरकतो. यू-बोल्ट नवेच, आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

पुढच्या एक्सलचा वेगळा विचार. तिथे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं. ते वाढवलं की पिनियन वर जातं आणि कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो, स्टिअरिंग भरकटतं. पिनियन खाली आणणारी पाचर समांतरता आणि कॅस्टर दोन्ही सुधारते. शाफ्टचा कोन कमी करायला उलट, पिनियन वर उचलणारी पाचर लावली तर कॅस्टर आणखी जातो. पेचात पडलात तर कॅस्टर सांभाळा. पुढचा शाफ्ट फोर-व्हीलमध्येच कामाला येतो.

शेवटी चेसिस जॅकवर घेऊन चाकं लोंबू द्या आणि शाफ्ट हाताने फिरवा. कुठे योक अडत नाही ना, ब्रेकचा होज ताणत नाही ना बघा. स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) फार बाहेर आला असेल तर फ्लँजमध्ये स्पेसर लावावा लागेल.