वाचक विचारतात: वंशावळ जुळतच नाही

प्रश्न: मी सांस्कृतिक मानवशास्त्रात एम.ए. करते आहे. प्रबंधासाठी गावात वंशावळी काढते, पण दोन घरांची माहिती एकमेकांशी जुळत नाही. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा प्रश्न चुकतोय. ‘तुम्हाला भाऊ किती?’ असं विचारलं की आपल्याकडे चुलत-मावस भाऊही त्यात सहज येतात. म्हणून नात्याचा शब्द बाजूला ठेवा आणि जन्मावरून विचारा: ‘तुम्हाला जन्म देणाऱ्या आईला एकूण मुलं किती? थोरलं कोण?’ ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतल्या 1898च्या मोहिमेत वंशावळीची पद्धत बसवली, तीही याच पायावर. फक्त आई, वडील, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे. ‘मामा’, ‘आत्या’ अशा हाका वेगळ्या रकान्यात लिहा; त्या हाकाच पुढे विश्लेषणाला लागतात.

आकृती काढताना पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह (=), मृताला तिरकी रेघ. पेन्सिलीनेच काढा आणि कागद आडवा धरा, कारण भावंडांची ओळ नेहमी अंदाजापेक्षा लांब जाते.

सर्वांत जास्त निसटतात त्या बायका. लग्नात नाव बदललेलं असेल, तर तीच बाई माहेरच्या कागदावर एका नावाने आणि सासरच्या कागदावर दुसऱ्या नावाने येते. दोन्ही नावं आणि माहेरचं गाव नोंदवा. लहानपणी गेलेली मुलं कुणी आपणहून सांगत नाही. तो प्रश्न ओळख झाल्यावर, शेवटी आणि हळुवारपणे विचारा. डोळे भरून आले तर वही मिटा.