साध्या सायकलीला विद्युत किट: वॅट ठरवण्याआधी एक्सलची खाच पाहा

तुमच्याकडे २६ इंची चाकांची, स्टीलच्या फ्रेमची, मागे सात गिअर आणि पुढे सस्पेन्शन फोर्क असलेली सायकल आहे. एका बाजूचे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे आणि वाटेत एक चढ लागतो. किट ३६ व्होल्ट २५० वॅटचे घ्यावे की ४८ व्होल्ट ५०० वॅटचे, आणि मोटर पुढच्या चाकात बसवावी की मागच्या, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. माझ्या मते यांतला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. मोटर थोडी कमी ताकदीची निघाली तर चढावर पाय जरा जास्त मारावे लागतील, इतकेच. पण ती चुकीच्या जागी किंवा ढिली बसली, तर चालत्या सायकलीचे चाक निखळू शकते.

वॅटचा हिशेब करून पाहू. तुमचे, सायकलीचे आणि किटचे मिळून वजन १०० किलो धरले, तर ५ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटरमागे ५ मीटर उंची, ताशी १५ किलोमीटरने चढायला एकूण सुमारे २५० वॅट लागतात. चढ १० टक्के असेल, तर त्याच वेगाला साधारण ४६० वॅट लागतात. सामान्य प्रकृतीचा माणूस फारसा न दमता ७५ ते १०० वॅट देतो. शिवाय मोटरवर छापलेला २५० हा आकडा तिच्या सलग चालण्याचा असतो. प्रत्यक्षात किती वीज ओढली जाईल, हे कंट्रोलर, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधली वीज नियंत्रित करणारी पेटी, ठरवते. ३६ व्होल्टच्या बॅटरीवर १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल, तर चढावर बॅटरीतून ५४० वॅटपर्यंत वीज घेतली जाऊ शकते. म्हणून खोक्यावरच्या वॅटऐवजी कंट्रोलरचे अँपिअर विचारा.

त्याबरोबर मोटरचे फेरेही विचारा. २६ इंची चाकाचा परीघ दोन मीटरहून थोडा अधिक असतो, त्यामुळे ताशी २५ किलोमीटरसाठी चाकाला मिनिटाला सुमारे २०० फेरे पुरतात. याहून खूप वेगवान फेऱ्यांसाठी तारेची गुंडाळणी केलेली मोटर सपाटीवर छान पळते, पण चढावर तिचा वेग निम्म्याखाली आला की घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. तीच मोटर ३६ ऐवजी ४८ व्होल्टवर चालवली, तर तिचे फेरे सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. चढ चढायला जी लागते ती वेगवान मोटर नव्हे, हे किट निवडताना अनेकदा विसरले जाते. तुमच्या वर्णनावरून मी ३६ व्होल्टचे, हळू फेऱ्यांच्या गिअर मोटरचे, म्हणजे आत वेग कमी करणारी दातेरी चाके असलेल्या मोटरचे, किट सुचवीन. कायदाही पाहून घ्या. युरोपीय संघात मोपेडचे नियम लागू होऊ नयेत म्हणून सलग २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा आहे. इतरत्र आकडे वेगळे आहेत.

मोटर कोठे बसवावी, याचे उत्तर तुमच्या सायकलीपुरते स्पष्ट आहे: मागे. सस्पेन्शन फोर्कचे खालचे पाय बहुधा हलक्या ओतीव धातूचे असतात. स्टील ताण आला तर आधी वाकते आणि इशारा देते. ओतीव धातू इशारा न देता तुटतो. पुढचे चाक अचानक सुटले, तर स्वार तोंडावर आपटतो, म्हणून अशा फोर्कमध्ये हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, बसवण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. मागे बसवताना आधी चाकाचा एक्सल (आस) ज्यांत बसतो त्या फ्रेमच्या दोन खाचांमधले आतले अंतर मोजा. बहुतेक मागच्या हब मोटरी १३५ मिलिमीटरसाठी असतात. स्टीलची फ्रेम दोन-चार मिलिमीटर ताणली तर निभावते. ॲल्युमिनिअमची मात्र ताणू नये. तुमचा सात चकत्यांचा संच आट्यांवर फिरवून बसणारा फ्रीव्हील आहे की कॅसेट, हेही पाहून घ्या, कारण बऱ्याच मोटरींवर फक्त आट्यांचा फ्रीव्हीलच बसतो. सर्वांत लहान चकती फ्रेमला घासत असेल, तर एक्सलवर आतून एक पातळ वॉशर घाला आणि मग गिअरचे स्क्रू नव्याने जुळवा.

पेडलच्या आसाजवळ बसणारी मधली मोटर सायकलीचे गिअर वापरते, त्यामुळे ती तीव्र चढांना उत्तम असते. मात्र ती चेन आणि चकत्या लवकर झिजवते, बसवायला खास पाने लागतात आणि तुमच्या एका चढासाठी तिची गरज नाही.

आता खाचेविषयी सविस्तर सांगतो. साध्या चाकाचा एक्सल फक्त वजन पेलतो. हब मोटरचा एक्सल मात्र स्थिर राहून चाकाला पुढे ढकलतो, म्हणून स्वतः उलट दिशेला फिरू पाहतो. हा एक्सल सामान्यतः १२ मिलिमीटर जाडीचा असून दोन बाजूंनी घासून १० मिलिमीटरचा सपाट केलेला असतो, आणि त्या सपाट बाजू खाचेत अडकतात. लहान गिअर मोटरही जोरात ३०-४० न्यूटन-मीटरचा पीळ देते. इतक्या चिंचोळ्या जागी हा पीळ खाचेच्या कडांवर काही हजार न्यूटनचा दाब आणतो. नट थोडा जरी सैल असेल, तर प्रत्येक सुरुवातीला एक्सल केसभर हलतो, कडा झिजवतो आणि खाच हळूहळू रुंद होत जाते. शेवटी एक्सल पूर्ण फिरतो. मोटरची वायर त्याच पोकळ एक्सलमधून बाहेर येत असल्याने ती एक्सलभोवती गुंडाळली जाऊन तुटते आणि बहुधा कंट्रोलरही जळतो.

यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म, अर्थात एक्सलच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी आणि दुसरे टोक फ्रेमच्या नळीला बांधलेली पोलादी पट्टी. ती १० सेंटिमीटर लांब असेल, तर ४० न्यूटन-मीटरच्या पिळाला तिच्या दुसऱ्या टोकाशी फक्त ४०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ४० किलो वजनाइतका आधार पुरतो. पट्टीचे भोक एक्सलवर हाताने ढकलून जेमतेम बसेल इतके घट्ट हवे. तिथे खुळखुळ असेल तर पट्टी असून नसल्यासारखीच आहे. खाचेवर रंगाचा जाड थर असेल, तर जिथे वॉशर टेकतो तेवढाच तासून काढा, कारण दाबाखाली रंग चेपतो आणि घट्ट केलेला नट दोन दिवसांत सैल होतो. जीभ असलेला वॉशर असा ठेवा की त्याची जीभ खाचेत शिरेल. वायर ज्या बाजूने निघते तिथे तिचे तोंड खाली ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी एक्सलमध्ये उतरणार नाही. १२ मिलिमीटरच्या नटाला सामान्यतः ३५ ते ४० न्यूटन-मीटर घट्टपणा लागतो. टॉर्क पाना, म्हणजे घट्टपणा मोजून आवळणारा पाना, नसेल तर तो मागून आणावा, अंदाजावर भागवू नये. शेवटी नटावरून फ्रेमवर जाणारी एक सरळ रेघ रंगाच्या पेनाने ओढा. रोज सायकल काढताना ती रेघ तुटलेली दिसली, तर निघण्याआधी नट आवळा आणि खाचेच्या कडेला ताजी चमक दिसते का ते पाहा. चमक म्हणजे एक्सल हलतो आहे.

जोडणीत फारसे अवघड काही नाही. मोटरची तीन जाड आणि पाच बारीक तारांची वायर बहुतेक किटमध्ये एकाच गोल कनेक्टरने जोडली जाते. दोन्ही भागांवरचे बाण समोरासमोर आणून सरळ दाबा, पिळू नका, कारण आतल्या बारीक पिना पिळल्याने वाकतात. पेडल फिरते आहे हे सेन्सरला कळवणारी पेडलजवळची चुंबकांची चकती तिच्यावरच्या बाणाप्रमाणे फिरेल अशी बसवा आणि सेन्सरपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. ब्रेकचे कट-ऑफ लिव्हर गैरसोयीचे वाटले तरी वगळू नका. ब्रेक दाबताच मोटर थांबली पाहिजे. वेग ताशी १५ वरून २५ झाला, तर थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते, म्हणून किटबरोबर नवीन ब्रेक रबर आणि नवीन केबल हा खर्च धरूनच चला.

बॅटरीबाबत तुमचा हिशेब सोपा आहे. पाय मारत चालवल्यास किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-तास लागतात, म्हणजे २४ किलोमीटरला २४० ते २९०. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. ती आज पुरेल, पण काही वर्षांनी क्षमता घटल्यावर काठावर येईल. १३ अँपिअर-तासाची घेतली तर निर्धास्त राहाल. लेड-ॲसिडच्या तीन बॅटऱ्या मिळून सुमारे १२ किलो वजन वाढवतात आणि जास्त प्रवाह ओढल्यावर क्षमताही पुरती देत नाहीत, म्हणून त्या टाळा. लिथिअम बॅटरीत दोन गोष्टी तपासा. तिच्या संरक्षक सर्किटची सलग प्रवाहाची मर्यादा कंट्रोलरच्या अँपिअरपेक्षा जास्त असावी. चार्जर तिच्याच जातीचा असावा. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथिअम-आयन बॅटरीला तो ४२ व्होल्टचा लागतो. ती कॅरिअरऐवजी फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर बसवली, तर सायकल मागून जड होत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करू नका. फुगलेली किंवा पडून पोचा आलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका, आणि कोणतीही बॅटरी सर्वजण झोपलेले असताना चार्जिंगला ठेवू नका.

पहिली चाचणी मागचे चाक उचलून घ्या: दिशा योग्य आहे का, ब्रेकने मोटर थांबते का, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवल्यावर एखादी वायर ताणली जाते का. नंतरचे पहिले ५०-१०० किलोमीटर सौम्यपणे चालवा आणि मग सगळे स्पोक हाताने दाबून पाहा. मोटरचे स्पोक आखूड आणि जाड असतात, नवीन चाकात ते थोडे सैल पडतातच. एकदा नीट ताणून घेतले की बहुधा पुन्हा त्रास देत नाहीत. खरेदीपूर्वी मागच्या खाचांमधले अंतर आणि फ्रीव्हीलचा प्रकार कळवल्यास कोणती मोटर बसेल हे निश्चित सांगता येईल.