मुलगी नऊ वर्षांची, अमेरिकेत डॅलसजवळच्या जिमच्या चिअरलीडिंग टीममध्ये (युथ लेव्हल २, म्हणजे लहान मुलांच्या गटातली दुसरी पातळी) निवड झाली. महिना २२५ डॉलर फी. एवढ्यात भागतं का? आणि डिसेंबरात तीन आठवडे भारतात गेलो तर चालेल का?

डिसेंबरचं आधी सांगते, कारण पालक आणि जिम यांच्यातली भांडणं हमखास तिथेच पेटतात. नाही चालणार.

एक साधा स्टंट बघा. दोन बेस, म्हणजे खालून उचलणाऱ्या मुली, समोरासमोर उभ्या, फ्लायरचा, म्हणजे वर उभ्या मुलीचा, एकेक पाय दोघींच्या तळहातांवर. मागे आधाराला बॅकस्पॉट, तिचे हात फ्लायरच्या घोट्यांवर आणि नजर वर. फ्लायर सुटली तर तिचं डोकं आणि मान आधी झेलायची, हे बॅकस्पॉटचं काम. यातली एक बेस तीन आठवडे नसली आणि तिच्या जागी दोन इंच बुटकी मुलगी उभी केली, तर फ्लायर त्या बाजूला कलते. ती सावरायला जाते, गुडघा वाकवते, आणि गुडघा वाकला की स्टंट कोसळतो. पिरॅमिडमध्ये असे तीन-चार गट एकमेकींना धरून असतात, म्हणजे एकीची रजा सगळ्यांना भोवते. हजेरीचा नियम कडक असतो तो यामुळे. त्याला कोचचा आडमुठेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा मॅटच्या कडेला उभं राहून सराव बघावा.

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कोणी ना कोणी ऐकवतंच, ‘पोम-पोम हलवायला इतके पैसे?’ ऑल-स्टारच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या जिमच्या टीमच्या, अडीच मिनिटांच्या रूटीनमध्ये टम्बलिंग (जमिनीवरच्या कोलांट्या), स्टंट, पिरॅमिड, उड्या आणि नाच असं सगळं ५४ बाय ४२ फुटांच्या स्प्रिंग फ्लोअरवर बसवायचं असतं. याला खेळाचा दर्जा द्या, म्हणजे प्रशिक्षित कोच आणि वैद्यकीय देखरेख मिळेल, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच म्हटलं होतं. ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये चिअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. ‘नाचच तर आहे’ म्हणणारे हे ऐकून घेत नाहीत, आणि त्याचा तोटा मुलींना होतो. घरचेच खेळ मानत नसतील तर मनगट दुखतंय हे मुलगी घरी सांगत नाही.

भारतवारी मेअखेर ते जूनमध्ये उरका. ट्रायआउट मेच्या आसपास, कोरिओग्राफी जुलै-ऑगस्टमध्ये, पहिल्या स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि सीझन एप्रिल-मेपर्यंत. जुलैच्या सुरुवातीला आणि नाताळात बरीच जिम आठवडाभर बंद असतात. त्या तारखा लेखी मागा.

आता पैसे. २२५ ही फक्त ट्यूशन, वर्षाची २,७०० डॉलर. त्यावर युनिफॉर्म ४०० ते ६००, बूट शंभराच्या आसपास, सरावाचे कपडे, बो (केसांची मोठी रिबन), कोरिओग्राफी आणि संगीत ३०० ते ५००, स्पर्धांची फी हजाराच्या आगेमागे, सदस्यत्व. प्रवास सोडून पाच हजारांच्या आसपास धरा. प्रेक्षक म्हणून तुमचं दोघांचं तिकीट वेगळं. एनसीए या चिअर संघटनेची मोठी स्पर्धा डॅलसलाच होते, तेवढा हॉटेलचा खर्च वाचेल. बाहेरगावच्या काही स्पर्धांना मात्र ‘स्टे-टू-प्ले’ असतं. आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहायचं, नाहीतर टीमचा प्रवेश अडचणीत. ओळखीच्यांकडे उतरून पैसे वाचवू, हा हिशोब तिथे फसतो.

आणि बिड, म्हणजे सीझनअखेरच्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण. त्या स्पर्धेची ‘पेड’ बिड मिळाली तर खर्चाचा मोठा भाग आयोजक उचलतात. ‘अ‍ॅट-लार्ज’ बिड म्हणजे फक्त प्रवेश, विमान-हॉटेल तुमचं. ती आली तर जायचं की नाही, हे कोण ठरवणार आणि न गेल्यास दंड किती, हे ऑगस्टच्या आधी विचारा.

खर्च वाढला की लोक जिमच्या मालकिणीला लुटारू ठरवतात. हे मला मान्य नाही. स्पर्धा भरवणारी आणि युनिफॉर्म विकणारी कंपनी बहुतेक ठिकाणी एकच, व्हर्सिटी. २०१८ मध्ये ती बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने घेतली, २०२४ मध्ये केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक कंपनीने. मक्तेदारीमुळे जास्त पैसे मोजावे लागले, या आरोपावरून जिमनी आणि पालकांनी वेगवेगळे दावे लावले. २०२३ मध्ये जिमच्या दाव्यात ४ कोटी ३५ लाख डॉलरची आणि २०२४ मध्ये पालकांच्या दाव्यात ८ कोटी २५ लाखांची तडजोड झाली. भाडं, विमा आणि कोचचे पगार देऊन छोट्या जिमच्या हातात फारसं उरत नाही. जिम दोषी कुठे? पूर्ण सीझनचा आकडा एका कागदावर देत नाही, तिथे. तो मिळत नसेल तर सही करू नका.

बूस्टर क्लबने, म्हणजे टीमसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या मंडळाने, ‘तुम्ही विकलेल्या कुकीजचे पैसे तुमच्याच मुलीच्या फीमधून वजा’ असं सांगितलं तर सावध व्हा. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबची करसवलत याच पद्धतीमुळे गेली, आणि २०१३ मध्ये कर न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

लेव्हलची घाई नको. लेव्हल २ ला बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकून मागे मारलेली उडी, लागते. खांदे उघडत नसतील तर कोपर वाकतं आणि सगळा भार मनगटावर येतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या मनगटात हाड अजून वाढत असतं. हात टेकल्यावर दुखणं दोन आठवडे टिकलं तर टम्बलिंग थांबवून मुलांच्या क्रीडावैद्याला दाखवा, ‘प्रायव्हेट लेसन’ वाढवू नका. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षात एकूण तीन महिने या खेळापासून लांब, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दुसऱ्या टीममध्येही उतरवण्याचा, म्हणजे ‘क्रॉसओव्हर’चा प्रस्ताव आला तर या वयात नाही म्हणा.

एवढं वाचून डिसेंबर सोडवत नसेल तर त्याच जिममध्ये ‘प्रेप’, म्हणजे हलक्या वेळापत्रकाची, किंवा अर्ध्या सीझनची टीम आहे का बघा. सराव कमी, स्पर्धा जवळच्या, खर्च बऱ्याचदा निम्म्यावर. माझे आकडे मोठ्या शहरांतल्या जिमचे आहेत, लहान गावात खर्च याहून कमी येईल. आणि पालकांना सराव बघू न देणारी किंवा कोचला मुलींशी खासगी मेसेज करू देणारी जिम फुकट असली तरी घेऊ नका.