आधी गावाला विचार

प्रिय मुली,

तुझा अभ्यासक्रमाचा आराखडा वाचला. बी.ए. समाजशास्त्र, सहा सत्रं, आणि पाचव्या सत्रात 'आदिवासी संस्कृती' हा ऐच्छिक पेपर. एवढं पुरे का, असं विचारलंयस.

अगं, संस्कृती एका पेपरात कोंबली की बाकीचे पेपर जसेच्या तसे राहतात. नातेसंबंधांचंच घे. तुझ्या वर्गातल्या गोंड-माडिया मुलांना चार देव, पाच देव, सहा देव, सात देव ही कुळांची मांडणी घरातूनच माहीत असते. सोयरीक कुठे जमते, कुठे जमूच शकत नाही, हे ती तुला पटापट सांगतील. त्याच मुलांकडून आपण बहिर्विवाहाची, म्हणजे कुळाबाहेरच लग्न करण्याच्या नियमाची, व्याख्या पाठ करून घेतो आणि चुकली की मार्क कापतो! पेपर त्यांच्या देवांपासून सुरू कर, व्याख्या मागाहून येऊ दे. आणि तो लिहिण्याआधी गावाला विचार.

अमेरिकेत नवाहो या मूळनिवासी लोकांनी 1968 मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं, आजचं दिने कॉलेज. विचार, नियोजन, जगणं आणि चिंतन ही त्यांच्या परंपरेतली चार पावलं तिथल्या सगळ्या शिक्षणाचा पाया आहेत. त्यांच्या लोकांवर संशोधन करायचं तर 1996 पासून नवाहोंच्याच परीक्षण मंडळाची परवानगी लागते. त्याच वर्षी आपल्याकडे पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आला. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. त्याच गावातल्या पोरांनी काय शिकावं हे ठरवताना मात्र कोणी गावाची पायरी चढत नाही. म्हणून म्हणतो, गावाला विचार.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला जाऊन ये. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्यामागे वर्षानुवर्षांचे अभ्यासगट आहेत, सर्वसहमतीशिवाय निर्णय न घेणारी ग्रामसभा आहे. संशोधन पद्धतीचा पेपर तिथे बसून लिही.

अभ्यास मंडळ काय म्हणेल याची धास्ती घेतलीयस. म्हणू दे की! एका माडिया गायत्यांना, म्हणजे गावच्या पुजाऱ्यांना, शिकवायला बोलवावं म्हणून मी फाइल पाठवली, ती 'नेट/सेट?', म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालीय का, असा शेरा घेऊन परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. मंजुरी मिळाली तोवर ते वारले होते. जंगलातल्या वाटणीच्या, दंडाच्या, समेटाच्या किती रीती त्यांच्याबरोबर गेल्या, याची हळहळ अजून जात नाही. तेव्हापासून मला हेकट म्हणतात. म्हणोत. तो हेका धरला नसता तर आज त्या विभागात एकही गावकरी वर्गात उभा राहिला नसता.

तेंदूचा हंगाम संपू दे, मग जा. हंगामात पहाटेपासून सगळी पानांमागे असतात. बायका आल्याशिवाय बोलायला सुरुवात करू नकोस. कागद वाचून दाखवू नकोस, तोंडी मांड. तुझं माडिया कच्चं आहे, तेव्हा वर्गातली दोन पोरं दुभाषी म्हणून ने आणि त्या कामाचे श्रेयांक त्यांना दे. मंडळाच्या बैठकीसाठी त्यानंतरचीच तारीख माग. ग्रामसभेचा दिवस ठरला की कळव, मी येतो.

तुझे सर