चंदीगडची खुर्ची आणि सुताराची घाई

प्रश्न : माझे आजोबा चंदीगडला सरकारी नोकरीत होते. तेथे जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी घेतलेल्या दोन सागवानी खुर्च्या आता पुण्यात आमच्याकडे आल्या आहेत. पाय कर्कटकासारखे फाकलेले, पाठ आणि बैठक वेताची, आणि मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात पुसट अक्षरे व आकडे आहेत. एका खुर्चीचा वेत सैल पडला आहे. सुतार म्हणतो, सगळे घासून चकचकीत पॉलिश करू आणि वेताऐवजी फोम बसवू. काय करावे? एक खुर्ची अमेरिकेतील भावाला पाठवता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सुताराला थांबवा. आपण केलेल्या वर्णनावरून या खुर्च्या वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या आराखड्याच्या असाव्यात, असे वाटते. चंदीगड शहराचा आराखडा करणारे त्यांचे चुलतभाऊ ल कोर्बुझिए यांच्याबरोबर जानरे 1951 मध्ये चंदीगडच्या कामावर आले आणि 1965 पर्यंत तेथेच राहिले. कचेऱ्या, महाविद्यालये, ग्रंथालये यांना लागणारे हजारो नग स्थानिक सुतारांकडून करून घेतले गेले. त्यामुळे आपल्या दोन खुर्च्यांच्या मापात थोडा फरक आढळला, तर तेवढ्यावरून एकीला नकली ठरवू नये. पांढरी अक्षरे म्हणजे बहुधा खात्याची खूण आणि नगाचा क्रमांक. मात्र अशी अक्षरे आज कोणीही रंगवू शकतो, म्हणून पारख खुर्ची उलटी करून करावी : पायांची झीज, सांधे आणि बैठकीच्या चौकटीला ओळीने पाडलेली भोके पाहावीत. हाताने विणलेला वेत या भोकांतून ओवलेला असतो. तयार जाळी खाचेत दाबून बसवलेली असेल, तर बैठक बहुधा नंतर कधीतरी बदलली असावी.

लाकूड मुळीच घासू नये. हात टेकून टेकून काळवंडलेली, गुळगुळीत झालेली हाताची पट्टी हेच त्या खुर्चीचे वय आहे. पॉलिश पेपरच्या एका दुपारीत ते निघून जाते आणि पांढरी अक्षरेही त्याबरोबर जातात. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे आणि अगदीच रूक्ष वाटले, तर मेणाचा पातळ हात द्यावा. फोम बसवल्यास पाठीतून आरपार दिसणारा उजेड आणि वारा दोन्ही बंद होतात. आपल्या हवेत वेत निवडला गेला, तो काही केवळ शोभेसाठी नव्हे.

सैल वेत तुटलेला नसेल, तर रात्री खुर्ची उलटी ठेवून वेताची खालची, चकाकी नसलेली बाजू ओल्या फडक्याने भिजवावी आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत तीवर कोणी बसू नये. वाळताना वेत आक्रसतो आणि पुष्कळदा पुन्हा ताणला जातो. धागे तुटले असतील, तर भोकांतून ओवून विणणारा कारागीर शोधावा. पावसाळ्यात भिंतीला चिकटून ठेवलेल्या वेतावर बुरशी धरते, म्हणून वीतभर अंतर ठेवावे. खुर्च्या वापरात मात्र अवश्य ठेवाव्यात. (बैठक बरीच खाली असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे तक्रार करतील, तेव्हा त्यांना दुसरी खुर्ची द्यावी.)

परदेशी पाठवण्याचे म्हणाल, तर घाई करू नये. चंदीगडचे हे फर्निचर भंगाराच्या भावाने बाहेर पडून युरोप-अमेरिकेतील लिलावांत मोठ्या किमतीला विकले जाऊ लागल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने 2011 मध्ये त्याच्या विक्रीवर व निर्यातीवर बंदी घालणारा आदेश काढला. आपल्या खुर्च्या खाजगी मालकीच्या असल्या, तरी सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहू शकतो. आधी जाणकार वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. आजोबांची लिलावाची पावती घरातील जुन्या कागदांत सापडते का, तेही पाहावे. खुर्चीवरील अक्षरांपेक्षा तो कागद अधिक मोलाचा ठरेल.